आबांचं मुंडण

आबांना केसांचा भारी तोरा. साठी उलटली तरी डोक्यावर दाट रान आणि खिशात कंगवा. अशा माणसानं दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायचं ठरवलं, तेव्हा आम्ही पोटभर चिडवून घेतलं. मुरगूडच्या विहारात वस्तरा फिरला, अंगावर चीवर आलं आणि माझे वडील भिक्खूंच्या रांगेत जाऊन बसले.

बुद्धमूर्तीला वंदन करताना ते माझ्या अगदी पुढंच वाकले आणि टाळूवरचा डाग दिसला. जांभळासारखा काळानिळा, कडा वेड्यावाकड्या, मध्ये ओलसर. मी नर्स आहे. वंदना संपताच त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, आजच कोल्हापूरला चला."

"चामखीळ हाय ती. दहा दिवस झाल्याबिगर चीवर उतरत न्हाय मी."

चीवरातल्या माणसापुढं हात जोडायचे असतात. म्हणून मी हात जोडूनच भांडले, आणि चांगलं खणखणीत भांडले. शेवटी मोठे भंतेच म्हणाले, "चीवर पुन्हा घेता येतं. जावा तुम्ही." आबा उठले.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डागाचा तुकडा तपासला. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. डॉक्टर प्रीतीताईंनी आडपडदा ठेवला नाही. "डोक्यावरचा हा आजार हातापायावरच्यापेक्षा जास्त दगा देतो. केसांत लपतो, लोक उशिरा येतात. तुमचा फार खोल गेलेला दिसत नाही. पण हा पसरला तर आधी मानेतल्या लसीकागाठीत जातो. ती गाठ तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

ऑपरेशन करून डाग आणि भोवतीची चांगली कातडीसुद्धा काढली आणि मांडीची कातडी तिथं लावली. मानेतली गाठ तपासायला पाठवली. आबांनी हूं की चूं केलं नाही. मला तर त्यांचा रागच यायला लागला. काळजी आम्हीच करायची का सगळी?

रिपोर्ट आला. गाठ साफ होती.

"वेळेत आलात. अशा वेळी बहुतेक जण चांगले जगतात," प्रीतीताई म्हणाल्या. "तरी डोकं आणि मान दाखवायला येत राहायचं. हा परत उलटू शकतो."

बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

"साफ हाय की आबा! रडतायसा कशाला?"

"वरीसभर हाताला लागत व्हतं ते, पोरी. उशीवर रगतबी दिसलतं. तोंडानं सांगवंना. म्हटलं, मुंडण करू, केस गेल्यावर कुणाला तरी दिसंल. आन् तू बघितलंस, तवा तर लईच भ्यालो, म्हणून चामखीळ म्हणालो."

माझं तोंड किती चालतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. वर्षभर लपवलं म्हणून त्या दिवशी खरं तर भांडायलाच हवं होतं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याबरोबर रडले.