शेवटचा हात

आवारात त्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. ट्रेलरवर माल चढला, साखळ्या पडल्या, बांधणाऱ्यांनी हात झटकले, की हा केबिनमधून हातभर लोखंडी सळई घेऊन उतरायचा आणि एकेका साखळीवर ठोका द्यायचा. ताणलेली साखळी टणकन वाजते, ढिली असली तर नुसती खुळखुळते. सगळ्या वाजवून झाल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू व्हायचं नाही.

"काय डॉक्टर, पेशंट वाचणार का?" मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून विचारायचे.

"माझा पेशंट रस्त्यावर समोरून येतोय," तो म्हणायचा. "त्याला अजून माहीत नाही, एवढंच."

बावीस वर्षांत त्याच्या गाडीवरून एक खिळा खाली पडला नव्हता. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. खरं सांगायचं तर माणूस जरा डोक्यात जाणाराच होता.

आवारातला नियम एकच, कुठल्या कागदावर नसलेला पण सगळ्यांना पाठ असलेला. बांधो कुणीही, शेवटचा हात ड्रायव्हरचा. गाडी हलली की मालाचं बरंवाईट त्याच्या डोक्यावर. धाकट्या भावाला हा नियम त्यानंच शिकवला होता. भावाला कामाला चिकटवलंही त्यानंच. साखळी कशी टाकायची, धारदार कडेखाली रबराचा तुकडा कसा सरकवायचा, साखळी ताणायचा दांडा खाली बसला की तारेनं कसा जखडायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. धाकटा हुशार होता, पण घाईचा. जड वाहनाचा परवाना खिशात घेऊन तीन वर्षं तो साखळ्या ओढत होता. ट्रेलर मोजके होते आणि कुणी उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढायला मिळत नव्हतं.

मग एक दिवस धाकटा बांधणीचा मुकादम झाला. हाताखाली पाच माणसं, त्यातली दोन त्याच्याहून वयानं मोठी. आणि पहिलाच माल आला तो थोरल्याच्या गाडीवर. बारा टनांची पोलादी पत्र्याची कॉइल, डोक्याइतकी उंच. धाकट्यानं नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, हुकूम सोडले, सहा साखळ्या पडल्या, दांडे ओढले गेले. थोरला सवयीनं सळई घेऊन उतरला, तसा धाकटा लगबगीनं पुढे आला आणि कानाशी लागला.

"दादा, आज नको."

"काय नको?"

"ठोकू नकोस. लोक बघतायत. पहिल्याच दिवशी माझा सख्खा भाऊ मला तपासतोय म्हटल्यावर उद्या माझं कोण ऐकणार?"

थोरल्यानं मान वळवली. पाचही जण खरंच बघत होते, एक जण तर हसू दाबत होता. धाकट्याच्या कपाळावर घाम आला होता. थोरला तसाच मागे फिरला. याला कुणी माया म्हणेल, मी मूर्खपणा म्हणतो. सळई पुन्हा सीटखाली गेली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून गुपचूप ठोकून घेऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पंप दोन किलोमीटरवर होता. वळण दीड किलोमीटरवर होतं.

आरशात त्याला कॉइल कलताना दिसली. त्यानं ब्रेक हळू दाबला, जसा दाबायला हवा तसाच, पण तोवर सगळं हातातून गेलं होतं. कॉइल विजेचा खांब आडवा करत एका बंद दुकानाचं शटर फोडून आत घुसली. माणूस मेला नाही. दुकानदार त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा आला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत दोघांना समोरासमोर उभं केलं. टेबलावर चौथ्या साखळीचा दांडा ठेवला होता. पुरता बसवलाच नव्हता आणि तारही नव्हती.

"बांधणी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," धाकटा म्हणाला. "पण साहेब, शेवटचा हात ड्रायव्हरचा असतो. हे मला दादानंच शिकवलंय."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब थोरल्याकडे वळले. "तुम्ही तर प्रत्येक साखळी ठोकता म्हणे. त्या दिवशी ठोकल्या होत्या?"

"नाही."

"का?"

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. ‘मीच दादाला नको म्हटलं.’ ते धाकट्यानं बोलावं, आपण बोललो तर ती चुगली ठरेल, असं थोरल्याला वाटत होतं. गाडी गेली तरी चालेल, पण त्यानं बोलावं. खोलीत पंखा कुरकुरत होता. धाकटा दांड्याकडे टक लावून उभा होता, जणू तो दांडाच काही बोलणार होता.

"विसरलो," थोरला म्हणाला.

विसरलेल्या माणसाला कोण गाडी देणार? त्याला गेटवर बसवलं. बाहेर जाणाऱ्या गाडीचा पास बघायचा, शिक्का मारायचा, आडवा दांडा वर करायचा. मालाशी संबंध नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट जरा आपटूनच पुढ्यात ठेवलं. "भावाचं नाक वाचवायला गेलात आणि स्वतःचं कापून घेऊन आलात. आता भाऊजी भिंतीपलीकडे सुखानं जेवतायत, ऐका."

दोन्ही बिऱ्हाडांत एकच भिंत होती, त्यामुळे तिकडचा भांड्यांचा आवाज खरंच येत होता. धाकटा एकदाही इकडे डोकावला नाही. रागावून आला असता, रडत आला असता, तरी थोरल्यानं त्याला पोटाशी धरलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात थोरल्याची गाडी धाकट्याला मिळाली. कुणाला तरी मिळणारच होती म्हणा.

आणि एका सकाळी तीच गाडी गेटपाशी येऊन उभी राहिली. पाठीवर कॉइल, तेवढीच मोठी. धाकट्यानं खिडकीतून पास पुढे केला. थोरल्यानं तो घेतला नाही. चौकीच्या कोपऱ्यात टेकवलेली आपली जुनी सळई उचलली आणि तो बाहेर आला.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत."

पहिली साखळी टणकन वाजली. दुसरी वाजली. तिसरीही. चौथीपाशी तो थांबला, वाकून पाहिलं. दांडा पुरता बसलेला, तारेचे तीन वेढे, कडेखाली रबर, सगळं त्यानं शिकवलं होतं तसं. त्यानं ठोका मारला, जरा जोरानंच. टण्ण. पाचवी, सहावी. तो दुसऱ्या बाजूनं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्याला एक तरी साखळी ढिली सापडायला हवी होती. बावीस वर्षं ज्या आवाजाला तो भीत आला, तोच आता त्याला ऐकायचा होता, आणि याची त्याला लाजही वाटत नव्हती. एकही खुळखुळली नाही.

"मी सगळ्या बघितल्यात, दादा," धाकटा वरून म्हणाला. त्यानं सीटखाली हात घालून दाखवली, एक नवी कोरी सळई. "आता रोज बघतो."

मागे तीन गाड्या तुंबल्या होत्या. एकानं हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ए ठोक्या! काढ की गाडी!"

"थांब रे जरा!" थोरला सवयीनं मागे वळून म्हणाला.

त्या ड्रायव्हरचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. तो पुढच्या केबिनकडे बघत होता, आणि तिथून धाकट्यानं हात बाहेर काढून उत्तर दिलं, "निघालो, निघालो!"

थोरल्यानं सळई खाली ठेवली, पासवर शिक्का मारला आणि गेटचा दांडा वर केला.