शनिवारपर्यंतची सही

खाणीच्या वर्कशॉपात त्या कामाला 'नवरी सजवणं' म्हणायचे. तपासणीचा साहेब येणार असं कळलं, की चार बॅटरीगाड्यांमधली एक निवडायची आणि बाकी तिघींच्या अंगावरचं जे जे चांगलं, ते काढून तिच्या अंगावर घालायचं. दोन नंबरचा भोंगा, चार नंबरचे दिवे, तीन नंबरच्या ब्रेकचे लायनर. साहेबानं पाहायचं, मान हलवायची, शेरा लिहायचा, जेवायचं आणि जायचं. लग्नात शेजारणीची पोत उसनी आणतात नं, तसं. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं. वामनरावांच्याही नाही, आणि हे काम तर त्यांच्याच हातचं.

वामनराव मारेगावचे. गावापलीकडच्या त्या जमिनीखालच्या कोळसाखाणीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं ते बॅटरीगाड्यांचे मिस्त्री होते. गाड्या बुटक्या, बिनधुराच्या, आठ माणसं बसतील एवढ्या. खाली कोळशापर्यंत दोन किलोमीटरचा उतार. तो आधी माणसं पायी उतरायची आणि पाळी संपली की जीव जाईस्तोवर चढायची. गाड्या आल्या आणि लोकांचे गुडघे वाचले. फक्त सरकारचा एक नियम होता: रोज सकाळी प्रत्येक गाडीचा ब्रेक तपासायचा, रजिस्टरात 'ठीक' लिहायचं आणि सही करायची.

आता खरं सांगायचं तर वामनराव सोमवारी सकाळी एकदाच बसायचे आणि शनिवारपर्यंतच्या सगळ्या सह्या ठोकून मोकळे व्हायचे. रोज रोज कोण चष्मा शोधतो? हात काळे, पेन सापडत नाही, वरून पाळीवाले घाई करून राहिलेले. ब्रेक ते पाहायचे, नाही असं नाही. कान असे तयार, की गाडी उभी राहताना नुसता आवाज ऐकून सांगायचे कुठं काय झिजलं ते. सही तेवढी आगाऊ असायची.

त्या आठवड्यात साहेब मंगळवारी आला. एक नंबरची गाडी नवरी झाली होती. तीन नंबरचे नवेकोरे लायनर तिला, आणि तिचे झिजलेले तीन नंबरला. साहेब तरुण होता, पण कामाचा. स्वतः गाडीत बसला, उतारावर ब्रेक दाबून पाहिला, "एकदम छान ठेवलीय" म्हणाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग जाता जाता तो म्हणाला, "उद्या दुपारी परत येतो, खालचा भाग राहिलाय." झालं! नवरीच्या अंगावरचे दागिने एक दिवस तसेच ठेवणं भाग पडलं.

बुधवारी सकाळी तीन नंबरवर बादल होता. बादल म्हणजे अमरसिंगचा मुलगा, तांड्यावरचा. अमरसिंग आणि वामनराव एकाच दिवशी खाणीत लागलेले. एकाच्या डब्यातली भाकर दुसऱ्यानं खाल्ली नाही असा दिवस गेला नसेल. अमरसिंगची छाती कोळशानं खाल्ली तेव्हा तो घरी बसला, आणि बादलला बॅटरीगाडी वामनरावांनीच शिकवली. पोरगं त्यांना काका म्हणायचं.

त्या सकाळी बादल गाडी थोडी पुढं नेऊन परत आला आणि म्हणाला, "काका, ब्रेक लई खाली जाऊन राह्यला."

वामनराव एक नंबर पुसत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "हळू ने एक फेरी. दुपारी साहेब गेला का तुहे लायनर तुले परत."

"बरं काका," म्हणाला आणि गेला.

गाडी खालच्या वळणावर भिंतीला धडकली. बादल गेला. मागं बसलेला त्याच तांड्यावरचा उत्तमसिंग गेला. तिघांची हाडं मोडली. बादलनं काय सांगितलं आणि आपण काय म्हणालो, हे वामनरावांनी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला, विमलताईंनाही नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बसवलं. समोर कोरं रजिस्टर आणि तीन वेगवेगळी पेनं, रोजचं रोज लिहिलंय असं दिसावं म्हणून. "वामनराव, जुन्यात तुमच्या सह्या पार शनिवारपर्यंत आहेत. उद्या साहेब रजिस्टर मागंल. हे बाहेर गेलं तर तुम्हीही गेले आणि आम्हीही. पूर्ण महिना उतरवून काढा, बुधवारपर्यंतच. जुनं जाळून टाका." वामनरावांच्या डोळ्यांसमोर बादलचं चेपलेलं हेल्मेट होतं. हात मात्र लिहीत होता. ठीक, ठीक, ठीक. हातालाही सवय असते मेली.

नवं रजिस्टर साहेबाकडं गेलं. लायनर जळालेले निघाले, तर मॅनेजरनं सांगितलं की गाडी बेफाम सोडली म्हणून जळाले. सगळीकडं एकच बोललं जाऊ लागलं: गाडी चांगली होती, पोरानं पळवली.

तांड्यावर ते पोहोचायला काय उशीर? उत्तमसिंगची बायको नंदाबाई अमरसिंगच्या समोरच्याच घरातली. तिनं अमरसिंगच्या घराकडं पाठ फिरवली. तिची माणसं त्या घरचं पाणी घेईनात. बादलची बायको ममता नळावर गेली की बाया आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूला व्हायच्या. नवरा मेल्याचं दुःख करायचं की नवऱ्यानं माणूस मारला म्हणून तोंड लपवायचं, हेच त्या पोरीला कळेना. दिवाळी अशीच गेली.

दीड महिन्यानं चौकशीची तारीख लागली, सोमवारची. मॅनेजरनं वामनरावांना बोलावून सांगितलं, "बादलच्या बापाला तुम्हीच घेऊन या. तुमचं ऐकतो तो. जास्त बोलू नको म्हणावं."

जुनं रजिस्टर अजून होतं. आता हेही ऐका. पहिल्या रात्रीच वामनरावांनी ते घरी आणलं होतं, पण घरात चूल कुठं? गॅस. विमलताईंनी त्यांना गॅसजवळ उभं पाहिलं आणि ओरडल्या, "अवं, घर पेटवता का? एवढं जाड पुस्तक गॅसवर जाळतेत का कोणी? जाळाचं असंन तं वावरात जाळा, पऱ्हाट्या हायेत तथी." मग वावरात जाणं आज-उद्या करत राहिलं आणि रजिस्टर गव्हाच्या कोठीमागं पडून राहिलं. खरं तर वावरात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्याही होत्या आणि काडेपेटीही होती.

रविवारी सकाळी वामनरावांनी ते पिशवीत घातलं. विमलताईंनी विचारलं, "वावरात चालले का?"

"तांड्यावर."

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पिशवीचे बंद नीट बांधून दिले.

अमरसिंग अंगणात बाजेवर बसला होता. खोकून खोकून माणूस अर्धा झालेला. ममतानं पाणी आणून ठेवलं, मग चहाचा कप ठेवला. वामनरावांना पाहून म्हाताऱ्याला बरं वाटलं. दीड महिन्यात बाहेरचं कोणी त्याच्या अंगणात बसलं नव्हतं.

"वामन, मी तुले एकच गोष्ट इचारतो," तो म्हणाला. "तू गाडी जाननारा माणूस. माया पोरानं गाडी पळवली का? खरं सांग. पळवली असंन तं मी नंदाबाईच्या पायावर डोकं ठेवतो आन् मोकळा होतो. पन मले कळू तं दे."

वामनरावांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि त्या आठवड्याचं पान उघडलं. अमरसिंगला वाचता येत नव्हतं, म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले.

"गाडी नंबर तीन. सोमवार, ब्रेक ठीक. मंगळवार, ब्रेक ठीक. बुधवार, ब्रेक ठीक. गुरुवार, ब्रेक ठीक. शुक्रवार..."

"थांब." अमरसिंगनं हात वर केला. "गुरुवारी? गुरुवारी तं आपन बादलले जाळलं नं?"

"हो."

"आन् गाडी?"

"शेडमधी पडून होती. चेपलेली."

"मंग तिचा ब्रेक ठीक कसा काय?"

अमरसिंगनं त्या पानावर बोट ठेवलं.

"सही कोनाची हाये, वामन?"

"माही."

ममता दारात उभी होती. ती हळूच पुढं आली, वामनरावांसमोरचा चहाचा कप तिनं उचलला आणि आत घेऊन गेली. रागानं नाही. तिला तो तिथं ठेवणं जमलं नाही, एवढंच.

वामनरावांनी मग सगळं सांगितलं. नवरी सजवणं, लायनर, आगाऊ सह्या, तीन पेनं, सगळं. सकाळचं ते एक बोलणं सोडून. अमरसिंग ऐकून उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि सगळ्या ताकदीनं हाक मारली, "नंदाबाई! बाहेर ये! सगळे या!"

माणसं जमली. अमरसिंग म्हणाला, "वाच, वामन. पुन्हा पयल्यापासून वाच." आणि भर उन्हात, तांड्यासमोर उभं राहून वामनरावांनी आपल्याच हातचं वाचलं. सोमवार ठीक. मंगळवार ठीक. गुरुवारावर आले तेव्हा एका बाईनं तोंडाला पदर लावला. शनिवारपर्यंत वाचून होईस्तोवर कोणी हललं नाही. मग नंदाबाई त्यांच्याकडं न पाहता, अंगण ओलांडून ममताजवळ गेली. दोघी ओट्यावर बसल्या आणि आधी एक रडली, मग दोघी रडल्या. वामनराव मोटारसायकलला किक मारून निघाले तेव्हा त्यांना कोणी राम राम केला नाही.

अमरसिंग उद्या चौकशीला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सोमवारी सकाळी तो तांड्याच्या फाट्यावर उभा होता, धुतलेलं धोतर नेसून. मोटारसायकलवर मागं बसला. मारेगाव गेलं, पुढची गावं गेली, खाणीचं फाटक आलं, तरी बोलला नाही. खोकला आला की वामनरावांच्या खांद्याचा आधार घेत होता मात्र. त्या हातानंच वामनरावांना जरा धीर आला. वाटलं, सुटलो. बादलचं नाव धुऊन निघेल, आणि दोस्तही राहील.

चौकशीला तोच तरुण साहेब होता. समोर नवं रजिस्टर. वामनरावांनी जुनं त्याच्या शेजारी ठेवलं आणि सांगितलं, "साहेब, ते नक्कल आहे. खरं हे आहे." मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

साहेबानं पान उघडलं. त्याचं बोट बुधवारवरून सरकत सरकत शनिवारवर थांबलं.

"मी मंगळवारी एक नंबरचा ब्रेक दाबून पाहिला होता," तो म्हणाला. "चांगला होता."

"तो तीन नंबरचा होता, साहेब."

साहेबाचा चेहरा पार उतरला. त्यानं आपल्याच फाइलमधला मंगळवारचा शेरा काढला, वाचला आणि पालथा ठेवला. मग कोरड्या आवाजात विचारलं, "त्या सकाळी चालकानं काही तक्रार केली होती का? रजिस्टरमध्ये तर काही नाही."

बादलच्या त्या बोलण्याला साक्षीदार नव्हता. 'नाही' म्हटलं असतं तर कोणी खोटं पाडू शकलं नसतं. कोपऱ्यातल्या बाकावर अमरसिंग बसला होता, कानावर हात आडवा धरून, एक शब्द सुटू नये म्हणून. पण 'नाही' म्हणजे बादलला काही कळलंच नाही, तो बेसावधपणे गाडी घेऊन गेला, असंच लिहिलं गेलं असतं. पोरगं तसं नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं सांगितलंही होतं.

"केली होती," वामनराव म्हणाले. "मला म्हणाला, काका, ब्रेक लई खाली जाऊन राह्यला. मी... मी एक नंबर पुसून राह्यलो होतो साहेब. मी म्हटलं, हळू ने एक फेरी. दुपारी देतो तुहे लायनर." त्यांचा आवाज फुटला. "तो 'बरं काका' म्हणाला. माह्या भरवशावर गेला तो."

साहेबानं ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. "चालकाचा दोष दिसत नाही," असं मोठ्यानं म्हणून तेही लिहिलं, आणि कागद सहीसाठी पुढं सरकवला. वामनरावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग सही केली. आजची तारीख घातली.

बाहेर आले तेव्हा अमरसिंग फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बादलच्या नावावरचा डाग निघाला," वामनराव म्हणाले. "साहेबानं लिहिलं. त्याची चूक नाही."

"ऐकलं मी."

"चाल, तुले घरी सोडतो."

अमरसिंगनं गाडीकडं पाहिलं, मग वामनरावांकडं. एकतीस वर्षांत त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यानं तुले सांगतलं होतं," तो म्हणाला. "तू जाय, वामन. मी बशीनं जातो."

बस यायला तास होता. वामनराव गाडी ढकलत ढकलत वळणापर्यंत गेले आणि थांबून त्यांनी मागं पाहिलं. अमरसिंग खोकत होता. आधाराला त्यानं कडुनिंबाचं खोड धरलं होतं.