इनासचा वाटा

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढून झालं, मासळीचे वाटे पडले आणि इनास फर्नांडिसच्या वाट्यावर वाटे पाडणाऱ्या दाजीने पाय ठेवला.

"ह्यो आजपासून बंद!" दाजी ओरडला. "पोराक खवळलेल्या दर्यात घालून मारल्यान, आणि वाटो कसलो घेता?"

बंगडे अजून तडफडत होते. दोन-चार पर्यटक मोबाईल काढून उभे. त्यांना वाटलं, ही पण मजाच. मला विचाराल तर दाजीच्या तोंडाला कधीच लगाम नव्हता. पण त्याला गप्प करायची छाती आम्हा दोर ओढणाऱ्यांपैकी कोणाची झाली नाही.

झालं होतं ते असं. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच रापणीला जाळं टाकायला होडी गेली. होडीचा म्होरक्या, तांडेल इनास; वल्ह्यावर सुभद्रेचा एकुलता एक मुलगा बाबली. लाट फुटते तिथेच होडी उलटली. इनास वाचला, बाबली गेला. तांडेलानेच पोराला ओढून नेलं, असं गावाने ठरवून टाकलं. इनासला सरळ कोणी विचारलंच नाही, आणि हा बाबा न विचारता बोलणारा नव्हे. चहा घेणार का म्हटलं तरी आधी विचार करणार!

त्याची बायको रोजीन कपाळ बडवून घ्यायची. कुंपणाला कुंपण, आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"सांग मगे एकदा, काय झाला ता! चांगला तेवढा तरी सांग."

"अर्धा सांगना म्हणजे खोटाच, रोजीन. आणि सगळा सांगान बाबलीच्या आयेक जित्तीच मारू काय? जिभेचो पण जाब देवचो लागता देवाक."

"लोका तुका खातत त्याचा काय?"

"खांव देत."

तर दाजी वाट्यावर पाय ठेवून उभा. इनासने त्याच्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "माझो वाटो बाबलीच्या वाट्यात घाला."

आमच्याकडे रापणीतला माणूस गेला, की वर्ष फिरेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जातो. चांगुलपणाने बोलला बिचारा, पण लोकांनी नेमका उलटा अर्थ काढला.

"बघा! कबूल केल्यान!" दाजी म्हणाला.

मुलाचा वाटा न्यायला सुभद्रा पाटी घेऊन आलीच होती. तिने पाटी वाळूत ठेवली आणि सरळ इनाससमोर येऊन उभी राहिली.

"इनास, खरा सांग. माझो झील पियाललो काय?"

इनासने मान वर केली.

"हय, वयनी. पियाललो. माका वास इलो तेवा होडी लाटेत गेलली, परत फिरूक गावला नाय. पण आयक. होडी उलाटली तेवा तो सुटललो. माझो पाय जाळ्यात अडाकललो. ता बघून तो माघारी इलो आणि माका सोडवल्यान. मगेच दुसरी लाट इली. ह्या दोनय खरा आसा."

दाजीने पाय मागे घेतला.

"माका म्हायत होता," सुभद्रा म्हणाली. "सकाळी घरातच वास इललो. तो म्हणी, आये, आज नको. मीच त्याका बडबडलंय, मीच भायर काढलंय. आणि सगळे तुका बोलत रवले तेवा गप बसलंय. तुझ्यार घातला म्हणजे माझ्यार येवचा नाय म्हणान."

कोणी कोणाकडे बघेना. ज्याला इतके महिने नाही नाही ते ऐकवलं, तो आता काय बोलतो, म्हणून माझे कान तिकडेच लागले होते. राग आला असता तर कोणी नावं ठेवली नसती. इनासने नेहमीसारखा वेळ घेतला.

"वयनी," तो म्हणाला, "तू झीलाक कामाक धाडलंस. मराक नाय."

बाबलीला जाळलं तेव्हाही ही बाई रडली नव्हती. आता ती वाळूतच बसली आणि असा हंबरडा फोडला, की पर्यटकांनी मोबाईल खाली केले. रोजीन धावत येऊन तिला धरून बसली. वाटे पडून राहिले, वर माशा घोंगावू लागल्या, तरी कितीतरी वेळ कोणी आपला वाटा उचलला नाही.