अनसूयाबाईंनी रेडिओ सोडला

राजापेठेतल्या कमलाकांत वकिलांच्या घरात रेडिओ आला आणि वकील घरातून गेले. म्हणजे देहाने ते तिथेच असत, आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. पण कोर्टातून आल्यावर काळा कोट खुंटीला अडकवायचा, रेडिओवरचा क्रोशाचा रुमाल देवाचं वस्त्र उचलावं तसा दोन बोटांनी उचलायचा आणि बटण फिरवायचं, की त्यापुढे बायकोला त्यांच्याकडून एवढंच ऐकू येई : "हं."

हा हं फार गुणी होता. कोणत्याही प्रश्नाला चाले. "चहा टाकू?" "हं." "आत्ताच तर घेतला ना?" "हं." एकदा अनसूयाबाईंनी परीक्षा पाहावी म्हणून "अवो, परसात वाघ आला" असं सांगून पाहिलं. वकील "हं" म्हणाले आणि त्यांनी रेडिओ जरा मोठा केला.

अनसूयाबाईंचं एक वाक्य गुढीपाडव्यापासून अडकून पडलं होतं. "मी काय म्हणते—" अशी त्याची सुरुवात होती. पुढचं कोणी ऐकलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या पदराला हात पुसत बैठकीच्या दारात येत, "मी काय म्हणते" म्हणत, वकील एक बोट वर करत, आणि वाक्य परत स्वयंपाकघरात जाई.

वाक्य लेकीबद्दल होतं. कुंदा बी. ए. झाली होती. अकोल्याला मुलींच्या शाळेत दिवाळीनंतर एका मास्तरीणबाईंची जागा रिकामी होणार होती आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर कुंदाची वच्छलामावशी राहत होती. शाळेने निरोप धाडला होता, पोळ्यापर्यंत होकार कळवा. कुंदाला शिकवण्याची एवढी घाई झाली होती की दूधवाल्याने भिंतीवर कोळशाने मांडलेला हिशेबही ती तपासून त्याच्यापुढे "प्रयत्न चांगला" असं लिहून ठेवायची.

तसा एकदा होकार मिळालाही होता. बातम्या चालू असताना अनसूयाबाईंनी घाईघाईने विचारून घेतलं, वकील हं म्हणाले, आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. जेवायला उठताना वकील तिच्यावर अडखळले.

"ही ट्रंक कोणाची?"

"कुंदाची. अकोल्याला चालली ना ती. तुम्ही हं म्हणाले."

"काय सांगून राहिली तू! तो हं बातम्यांना होता."

"बातम्यांनी काय विचारलं होतं तुम्हाला?"

ट्रंक परत माळ्यावर गेली.

आषाढी एकादशी आली. चातुर्मासात काहीतरी सोडायचं, हा नेम गल्लीतल्या सगळ्याच बायकांचा. कोणी वांगं सोडलं, कोणी गूळ. समोरच्या घरातल्या थोरल्या सुनेने धाकट्या जावेशी बोलणं सोडलं, आणि त्यात तिला गेल्या वर्षीचा चांगला अनुभव होता. उद्धवभटजी घरोघर संकल्प सांगत हिंडत होते. अनसूयाबाईंच्या ओंजळीत पळीभर पाणी घालून त्यांनी विचारलं, "हं वहिनी, काय सोडून राहिल्या? वांगंच ना?"

"रेडिओ," अनसूयाबाई म्हणाल्या.

भटजींची पळी थांबली. "रेडिओ खातात थोडाच?"

"ऐकतात ना. तोंडाने जातं ते सोडायचं, मग कानाने जातं त्याने काय केलं?"

भटजी विद्वान होते. मुद्दा निघाला की तो सोडवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी डोळे मिटले, शास्त्र आठवलं, आणि कान हेही देहाचं एक द्वारच असल्याचा निर्वाळा देऊन संकल्प सांगून टाकला. पाणी ताम्हणात पडलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना आठवलं, की रोज संध्याकाळी भक्तिगीतं ऐकायला आपण याच घरी येतो. पण पाणी पडलं होतं.

वकिलांनी प्रकरण शांतपणे हाताळलं. "नेम तुझा. माझ्यावर बंधनकारक नाही."

"मी कुठे नाही म्हणते?" अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही खुशाल लावा. माझ्या कानावर पडलं तर नेम मोडेल, म्हणून मी आपली बाहेर जाऊन बसते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलांनी बटण फिरवलं. तव्यावर पोळी होती. अनसूयाबाईंनी ती तशीच सोडली, बाहेरच्या ओट्यावर गेल्या आणि जपमाळ काढली. बातम्या संपल्या तेव्हा पोळी पाटीसारखी झाली होती. वकिलांनी कुंदाला हाक मारली, तर कुंदाही ओट्यावर. तिनेही रेडिओच सोडला होता.

"हे संगनमत आहे," वकील म्हणाले.

"हा धर्म आहे, बाबा," कुंदा म्हणाली.

त्या घरात आता रेडिओ चाले तेव्हा चूल बंद आणि चूल चाले तेव्हा रेडिओ बंद. चार-दोन दिवस वकिलांनी बातम्यांसोबत चिवडा खाऊन पाहिला. मग त्यांनी रेडिओ उचलला आणि कोपऱ्यावर शालिकराम माळ्याच्या भाजीच्या दुकानात नेऊन ठेवला. शालिकरामने शेजारच्या चक्कीतून वीज घेतली, कोबीचे गड्डे बाजूला सरकवून जागा केली आणि वकील मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसले. सारी राजापेठ जमली. उद्धवभटजीही आले आणि पालकाआड बसले.

ही व्यवस्था शालिकरामच्या बायकोने, मनकर्णाबाईने मोडली. "वकीलसाहेब, तुमची पेटी न्या बाप्पा घरी. लोकं येतेत, गाने ऐकतेत, ऐकता ऐकता मायी गाजरं खातेत अन् उठून जातेत. मेथी त तशीच वाळून राहिली."

रेडिओ घरी आला. वकिलांनी स्वतःच्या हाताने त्यावर रुमाल घातला आणि खरोखरीचा उपास सुरू झाला.

अनसूयाबाईंना वाटलं, आपण जिंकलो. हा त्यांचा गैरसमज होता. कोर्टातला कसलेला वकील संध्याकाळी रिकाम्या कानांनी घरात सोडला की काय होतं, याची त्यांना कल्पना नव्हती. पहिल्याच जेवणाला ते म्हणाले, "वरणात मीठ नाही."

"टाकलं आहे."

"कधी टाकलं? फोडणीआधी की नंतर? टाकताना कोणी पाहिलं?"

"कुंदाने."

"साक्षीदार नात्यातला आहे," वकील म्हणाले आणि कुंदाची उलटतपासणी घेतली. वरण गार झालं. पुढे दूधवाल्याची झाली, धोब्याची झाली. दूधवाला फाटकावरूनच दूध ओतून पळायला लागला.

"आई, नेम मोडता येतो का गं?" कुंदाने हळूच विचारलं.

"गप. निदान आवाज तरी येऊन राहिला माणसाचा," अनसूयाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या बोलण्यात तितकासा जोर नव्हता.

श्रावणात वकिलांना परसात गाय दिसली. रोज सकाळी तिला वळसा घालून ते न्हाणीत जात होते, पण गाय म्हणून ती त्यांना त्या दिवशी दिसली.

"ही कोणाची?"

"आपली. शालिकरामची घेतली ना होळीला. तुम्ही हं म्हणाले."

वकील सावध झाले. त्यांनी घर हिंडून पाहायला घेतलं. स्वयंपाकघराचा रंग पिस्त्यासारखा हिरवा होता, तो त्यांना पांढरा आठवत होता. माजघरात शिलाईचं मशीन होतं. आणि माडीवर, खिडकीशी, एक गृहस्थ बनियनवर बसून संत्रं सोलत होता.

"नमस्कार भाऊजी," गृहस्थ म्हणाला. तो अनसूयाबाईंचा मोर्शीचा भाऊ रविकांत होता.

"अरे वा! कधी आलास?"

"संक्रांतीला."

वकील खाली आले आणि त्यांनी जाहीर केलं, की रविवारी बैठकीत सुनावणी होईल. आजवरचे सगळे हं तपासले जातील. संमती देणाऱ्याचं चित्त ठिकाणावर नसेल तर संमती बाद.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी पोळा होता. शालिकराम बैलांची शिंगं रंगवता रंगवता साक्षीला आला, त्यामुळे त्याची बोटं निळी होती. उद्धवभटजी बोलावल्याशिवाय आले. रेडिओ नाही तर हे तरी. रविकांत जिन्यावर बसला, बरं-वाईट झालं तर वर पळता यावं म्हणून. अनसूयाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना गाईची काळजी नव्हती, मशीनची नव्हती, भावाची तर मुळीच नव्हती. शाळेला उद्यापर्यंत होकार कळायला हवा होता, आणि इथे एकेक हं रद्द व्हायला बसला होता.

"शालिकराम," वकिलांनी सुरू केलं, "गाय विकताना तू माझी संमती घेतली होती?"

"घेतली न साहेब. म्या इचारलं, गाय बांधू का? तुमी म्हणले हं. गाय बी म्हणली हं. मंग म्या बांधली."

"मी त्या वेळी काय करत होतो?"

"पेटीले कान लावून बसले होते न जी."

"म्हणजे मी ऐकत नव्हतो!"

"गाय ऐकत होती."

गाईची बाजू भक्कम निघाल्यामुळे ती राहिली. रंग खरवडून काढणं जड गेलं असतं म्हणून रंग राहिला. मशीनवर वकिलांच्याच अंगातला सदरा शिवला होता असं निघालं, तेव्हा मशीनही राहिलं. रविकांतचा निकाल राखून ठेवण्यात आला.

"आणखी काही?" वकिलांनी विचारलं.

अनसूयाबाई पुढे झाल्या. पदराला हात पुसला. "मी काय म्हणते—"

वकिलांचं बोट सवयीने वर गेलं. रेडिओवर रुमाल होता. बोट तिथेच थोडा वेळ राहिलं आणि खाली आलं.

"बोल," ते म्हणाले.

शालिकराम बोटं पुसायचा थांबला. आणि अनसूयाबाईंच्या लक्षात आलं, की पुढचं वाक्य आपल्यापाशी नाहीच. इतके महिने सुरुवात तेवढी घोटून तयार झाली होती. शेवटापर्यंत जायची पाळी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदा दोन्ही हातांनी खांब धरून उभी होती. माळ्यावरची ट्रंक तिने गुपचूप पुसून ठेवली होती, ते अनसूयाबाईंना ठाऊक होतं.

"कुंदाला अकोल्याला पाठवायचं आहे," त्या म्हणाल्या. "तिला शिकवायचं आहे. ती शिकवीलही चांगलं. उद्या पोळा, उद्यापर्यंत हो म्हणायचं आहे."

"तिला तिथे कोण पाहील? शाळा कशी आहे? तू स्वतः पाहिली? कोणाच्या सांगण्यावरून—" वकिलांची गाडी रुळावर आली.

"थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या. घरात आजवर वकिलांना थांबा असं कोणी म्हणालं नव्हतं. "माझं व्हायचं आहे अजून. ती जावी असं मला वाटते, आणि जाऊ नये असंही वाटते. या घरात मी बोलली तर ऐकते कोण? ती एकटी. ती गेली की कार्तिकीला तुम्ही तो रुमाल उचलणार. मग मी वाक्य सुरू करून ठेवायचं कोणापाशी? गाईपाशी?"

शालिकराम काहीतरी म्हणणार होता. भटजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

उलटतपासणीसाठी उघडलेलं तोंड वकिलांनी मिटलं. साक्षीदार खरं बोलत होता, आणि तशा साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांना तीस वर्षांच्या वकिलीने शिकवलं होतं.

"हे तू मला आधी सांगितलं होतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाडव्यापासून सांगून राहिली."

"हो," वकील म्हणाले.

"काय हो?"

"कुंदाने अकोल्याला जावं. हो." मग सगळ्यांकडे वळून, "ऐकलं ना सगळ्यांनी? हं नाही. हो."

"साफ ऐकलं," शालिकराम म्हणाला. "गाय बी साक्षीले आनू का?"

रविकांतचा राखून ठेवलेला निकाल तिथेच लागला : त्याने उद्याच्या पहिल्या मोटारीने जाऊन शाळेला होकार कळवावा. तो गेला, होकार कळवला, आणि वच्छलामावशीकडे उतरला. तिथून तो परत आलेला नाही. मावशीच्या यजमानांनीही नुकताच रेडिओ घेतला आहे.

दिवाळी झाली, कुंदा ट्रंक घेऊन गेली, आणि कार्तिकी एकादशीला अनसूयाबाईंचा नेम फिटला. संध्याकाळी गल्ली ओट्यावर लोटली. उद्धवभटजी सगळ्यांत पुढे बसले. मनकर्णाबाई गाजरं घरीच ठेवून आली. वकिलांनी रुमाल दोन बोटांनी उचलला, घडी केली, बटणावर हात ठेवला.

"मी काय म्हणते—" दारातून आवाज आला.

वकिलांचा हात बटणावरून निघाला. त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली. "बोल."

"वहिनी, भजनं सुरू व्हायची वेळ झाली हो," भटजी कळवळून म्हणाले.

"थोडक्यात बोला न वकीलीनबाई," शालिकराम ओट्यावरून ओरडला.

"थोडक्यातच सांगते," म्हणत अनसूयाबाईंनी पाट ओढला, त्यावर ऐसपैस बसल्या आणि पदर खोचला. "तर संक्रांतीला आपला रविकांत आला ना, तेव्हाची गोष्ट—"

"हं," वकील म्हणाले, आणि पुढे सरसावून बसले. "मग?"