हँडब्रेकवरचा हात

लिंबाजींनी सारी हयात एसटी चालवली आणि दुसऱ्याच्या हातची गाडी त्यांना कधी मानवली नाही. जावयाच्या गाडीतही त्यांचा डोळा लागत नसे; शेजारी बसून उगाच पायाने ब्रेक दाबत राहायचे. असल्या माणसाला बाजूला बसवून गाडी शिकायची, म्हणजे त्यांच्या लेकीची, ज्योत्स्नाची कमालच! सोमवारी तिची आरटीओत परीक्षा होती आणि बाबांची अट साधी होती: "माझा हात हँडब्रेकवरून उठला, तरच परीक्षेला जायचं." तो हात काही उठत नव्हता.

त्या सकाळी दोघं लातूरहून देवणीला निघाली. तिथल्या दवाखान्यात ती परिचारिका होती. ड्यूटीपायी रोज एसटीची वाट बघून ती कंटाळली होती.

शहर मागे पडलं तेवढ्यात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिव्यांची उघडझाप केली. ज्योत्स्ना गडबडली. "काय चुकलं माझं?"

"तुझं न्हाई. पुढं कॅमेरा हाय, ते सांगतोय त्यो."

लगेच कॅमेऱ्याचं चित्र असलेली पाटी आलीच. ज्योत्स्नाने एका हाताने ओढणी सारखी केली.

"लग्नाचा फोटो हाय का गं? हात जाग्यावर ठेव!"

"पण बाबा, बघतो तरी काय काय त्यो?"

"वेग बघतो, पट्टा बघतो, कानाला लावलेला मोबाईल बघतो. चुकलं की गाडीचा नंबर टिपतो."

"मग पकडायचंच हाय तर आधी पाटी कशाला? चोराला निरोप धाडून कुणी पकडतं व्हय?"

लिंबाजींनी मान वळवून मागे पडलेल्या पाटीकडे पाहिलं. जन्मभर पाट्या पाहिल्या, पण एकीलाही त्यांनी असा जाब विचारला नव्हता.

पुढच्या गाड्या पाटीपाशी शहाण्यासारख्या हळू झाल्या आणि कॅमेऱ्याचा खांब ओलांडताच सुसाट सुटल्या. ज्योत्स्नाला भारी गंमत वाटली. "पकडायचं नसंल बाबा. हळू जावं, एवढंच म्हणणं असंल त्याचं."

"कॅमेरा गेला मागं. आता कोण बघतंय? पळव की."

गाडीत बाबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. पण पुढे वळण होतं आणि रस्त्याच्या कडेने गाई चालल्या होत्या. तिने वेग वाढवला नाही.

"कॅमेरा मागं गेला, पर वळण पुढंच हाय ना."

बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असतील, असं वाटून तिला धाकधूक झाली. वळण सरलं, गाई मागे गेल्या. आता तिच्या मनात नवाच सवाल आला.

"बाबा, अंधारात दिसतं का हो त्याला?"

उत्तर नाही. तिने पटकन एक नजर टाकली. हँडब्रेकवरचा हात मांडीवर पडला होता, डोकं काचेला टेकलं होतं आणि लिंबाजी चक्क घोरत होते.

आता खरंच कुणी बघत नव्हतं. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ते पुसायला तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.