त्या सकाळी न सुटलेला करदोटा

मित्रांनो, मी एक जुना करदोटा आहे. काळ्या दोऱ्याचा असतो तसला साधा नाही, चांगला चार पदरी चांदीचा, पुढे अडकवायचा फासा असलेला. हल्ली माझा मुक्काम हुबळीतल्या कमरीपेठेत, एका घरातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मला आता कोणी घालत नाही, आणि घालूही नये. माझी हकीकत ऐकलीत म्हणजे तुम्हीही तेच म्हणाल.

माझा जन्म याच पेठेत झाला. सोनाराने चांदीची तार ओढली, कडीत कडी अडकवली आणि रिठ्याच्या पाण्यात घासून मला लख्ख केले. मथुरेच्या वडिलांनी मला जावयासाठी करून घेतले होते. जावई म्हणजे मथुरेचा होणारा नवरा नागोजी, चुरमुऱ्यांच्या भट्टीचा मालक. ही मंडळी मूळची मिरजेकडची. तीन पिढ्या हुबळीत गेल्यामुळे घरात मराठी आणि गिऱ्हाइकाशी कानडी बोलत. लग्नात मला नागोजीच्या कमरेला बांधताना सासरे म्हणाले, "जावईबापू, हा आता जन्मभर उतरवायचा नाही हं."

आमच्याकडची रीतच आहे तशी. पुरुषाच्या कमरेचा करदोटा एकदाच उतरतो, तो माणूस गेल्यावर. वडिलांचे ते बोलणे मथुरेने मनात पक्के धरून ठेवले. मलाही त्या वेळी फार अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भट्टीच्या कढईतली तापलेली वाळू उसळली आणि नागोजीच्या उजव्या कमरेवर पडली. भाजलेली जखम भरून आली, पण तिथली कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली राहिली. मी नेमका त्याच डागावर बसत असे. नागोजी भट्टीपुढे वाके, उठे, घामाने निथळे, आणि मी त्या नाजूक कातडीवर पुढेमागे घासत राही. असा वीस वर्षांहून जास्त काळ मी त्याला घासले. मला वाटे, मी त्याची राखण करतो आहे.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्या डागावर एक लहानशी चीर पडली. मथुरेने तूप-हळद लावली. महिना गेला, दोन गेले, चार गेले, चीर काही भरेना. उलट तिच्या कडा उचलल्या, मध्ये खड्डा पडला आणि धक्का लागला की रक्त येऊ लागले. दुखत फारसे नव्हते, म्हणून नागोजी ते हसण्यावारी नेई. "करदोटा टोचतोय जरा, दुसरं काय असायचं की," तो म्हणे. दोष माझा आहे हे त्याला बरोबर कळले होते. पण मला चार बोटे वर सरकवावे, एवढेही कोणाच्या मनात आले नाही.

त्यांची मुलगी कुसुम लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मास्तरीण होती. एका रविवारी अप्पांच्या धोतरावरचे रक्ताचे डाग तिने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. तिथले सर्जन डॉक्टर हिरेमठ कानडी माणूस, पण त्यांना मराठी समजे आणि बोलताही येई. त्यांनी जागा बधिर करून जखमेच्या कडेचा चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आले. तो कातडीचा कॅन्सर होता.

डॉक्टरांनी सगळ्यांना बसवले, कागदावर एक गोल काढला आणि त्याच्याभोवती दुसरा मोठा गोल काढला.

"बघा री, बटाटा सडला तर बाई काळं तेवढंच खरवडते काय? भोवतीचा चांगला भाग पण काढून टाकते. आम्ही पण तसंच करतो. जखमेभोवतीची बोटभर चांगली कातडी काढायची, खालची चरबी काढायची. मग मांडीची पातळ कातडी घेऊन तिथं लावायची. काढलेला भाग पुन्हा तपासायला जातो. त्याच्या कडेला रोग दिसला नाही तर साकु, म्हणजे पुरे, काम झालं."

"अप्पा बरे होतील ना?" कुसुमने विचारले.

"जांघेत अजून गाठ लागत नाही. आज केलं तर आशा मोठी आहे. हा रोग सावकाश चालतो, पण थांबत नाही. म्हणून सांगतो, आत्ताच करून घ्या."

नागोजीने मान हलवली. दिवस ठरला आणि तो इस्पितळात दाखल झाला. शेजारच्या खाटेवर एक माणूस नुकताच ऑपरेशन होऊन आला होता. त्याचे कण्हणे नागोजी दिवसभर ऐकत राहिला.

ठरलेल्या सकाळी नर्स आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काढा. कापायची जागा याच्याखालीच आहे."

मथुरा एकदम खाटेपुढे आडवी उभी राहिली. "अहो बाई, हे जिवंत असताना यांचा करदोटा काढता? हे बोलणं तरी शोभतं का?"

डॉक्टर आले. त्यांनी समजावले, "काही दिवसांचा प्रश्न आहे, अक्का. पाहिजे तर मनगटाला काळा दोरा बांधा."

"आई, नुसता फासा काढायचा आहे," कुसुम रडकुंडीला आली. "जखम भरली की परत घालू."

मथुरेने नवऱ्याकडे पाहिले. मित्रांनो, ती हट्टी होती, पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती. त्याने 'काढ' म्हटले असते तर तिने स्वतःच्या हाताने फासा सोडवला असता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. नागोजीने माझ्यावर तळहात ठेवला.

"नको. सासऱ्यांना शब्द दिलाय मी," तो म्हणाला.

मी त्याच्या पोटावर होतो. ते पोट लटलट कापत होते. माझ्याशी किंवा सासऱ्यांच्या शब्दाशी त्या वेळी त्याला काही देणेघेणे नव्हते. त्याला सुरीची भीती वाटत होती. जन्मभर विस्तवाशी काम केलेल्या माणसाने बायकोदेखत, मुलीदेखत 'मी घाबरलोय' असे म्हणायचे कसे? मी त्याला आयता सापडलो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. फासा आपोआप सुटावा म्हणून मी किती तळमळलो, पण सोनाराचे काम पक्के होते.

तासाभरात आम्ही घरी आलो. मथुरा समाधानाने देवापुढे दिवा लावत होती.

नऊ महिने गेले. जखम तळहाताएवढी झाली, तिला वास येऊ लागला आणि गिऱ्हाइके भट्टीपाशी रेंगाळेनाशी झाली. मग जांघेत लिंबाएवढी गाठ आली. त्या दिवशी नागोजी आपण होऊन इस्पितळात गेला. डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत त्याने फासा काढला आणि मला कुसुमच्या हातात ठेवले. एवढा वेळही लागला नाही, जेवढा हे सांगायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मथुरा भिंतीला टेकून उभी होती.

ऑपरेशन झाले. जांघेतल्या गाठीही काढल्या. मांडीची कातडी कमरेवर छान धरली, असे कुसुम सांगत आली. पण रोग त्या गाठींच्या पुढे गेला होता. चार महिन्यांनी पोटात नव्या गाठी लागल्या आणि डॉक्टरांनी कुसुमला बाजूला घेऊन सांगितले, की आता कापण्यासारखे काही उरले नाही.

नागोजी घरीच पडून होता. त्याच्या उशाशी फळीवर माझा डबा होता. एका दुपारी मथुरा त्याचे पाय चेपता चेपता म्हणाली, "माझ्यामुळंच झालं हे सगळं. मीच अडवलं." नागोजीने तोंड उघडले. आता तरी हा खरे सांगेल, असे मला वाटले. त्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले, मग भिंतीकडे तोंड फिरवले. त्यानंतर तो आठ दिवसांनी गेला. कमरेला मथुरेने ऑपरेशननंतर काळा दोरा बांधला होता, तो स्मशानात तोडला. रीत पाळली गेली.

मित्रांनो, अंगावरची जखम महिनाभर भरली नाही, तर ती दुखत नाही म्हणून झाकून ठेवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि भीती वाटली तर 'मला भीती वाटते' असे मोकळेपणी म्हणा. भिण्यात लाज नाही. माझ्यासारख्या निर्जीव साखळीच्या आड मात्र लपू नका.

आणखी एक मागणे आहे. कधी कमरीपेठेत आलात, तर चुरमुऱ्यांच्या बंद भट्टीमागे मथुरेचे घर आहे. तिला एवढे सांगा, की त्या सकाळी तिचा नवरा घाबरला होता. हे फक्त मला माहीत आहे आणि मला तिच्याशी बोलता येत नाही. ती रोज डबा उघडते, मला पदराने पुसते, "मी अडवलं नसतं तर," असे पुटपुटते आणि झाकण लावते.