कोण आलं?

“आलो. जेवलीस?” वितालियो दारातूनच म्हणाला.

फिलोमेना खिडकीबाहेर बघत होती. तिने विचारलं, “कोण आलं?”

लग्न झाल्यापासून घरात शिरताना तो एवढंच म्हणत आला होता आणि तिने कधी ‘कोण’ म्हणून विचारलं नव्हतं. टोपी हातात धरून म्हातारा तिथेच थिजला. मी सूपचं भांडं घेऊन त्याच्यामागे अडकले होते, पण सरका म्हणायचं धाडस होईना.

कोबर्गच्या आमच्या वृद्धाश्रमात सगळे इटलीहून आलेले. फिलोमेनाला विसर पडायला लागल्यापासून ती इथे राहायची आणि वितालियो रोज घरून तिला भेटायला यायचा. मी तिथली स्वयंपाकीण, मीही तिकडचीच, दक्षिणेतल्या कॅलाब्रियाची. आमच्या बोलण्यात कोण ते सांगत बसत नाहीत. आला, गेला, रुसली. कोण ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. नर्स दोनाता मात्र इथेच मेलबर्नमध्ये जन्मलेली. शाळा इंग्रजीत, इटालियन आजीकडून कानावर पडलं तेवढंच. तिच्या प्रत्येक वाक्यात इंग्रजीसारखा माणूस हजर. “ते आले, ते बसले, त्यांनी टोपी काढली.” आम्ही तिची यथेच्छ टिंगल करायचो आणि त्यात वितालियो सगळ्यांत पुढे.

“पोरी, दर वाक्याला माणूस कशाला चिकटवतेस? आम्ही काय खुळे आहोत?”

“मला असंच येतं काका, मी काय करू?” असं म्हणून ती हसत कामाला लागायची.

त्या दिवशी वितालियोने परसातल्या अंजिरांची पिशवी माझ्या काखेत कोंबली. “इल्डा, वाटून टाक सगळ्यांना. उद्यापासून येत नाही. परक्या बाईच्या खोलीत कशाला शिरायचं?”

दोनाता फिलोमेनाचे केस विंचरत होती. तिने ना हात थांबवला, ना आवाज चढवला. आपल्या त्याच बाळबोध इटालियनमध्ये म्हणाली, “काकू, वितालियो आलेत. ते तुमचे वितालियो. ते दारात उभे आहेत. त्यांनी अंजिरं आणलीत. ते तुम्हांला सोलून देणार आहेत.”

फिलोमेनाने मान वळवली. बराच वेळ बघत राहिली.

“मग उभा का? बस म्हणावं.”

वितालियोने पिशवी माझ्याकडून जवळजवळ हिसकावलीच. खिशातला चाकू काढून तो सोलायला बसला आणि ती त्याच्या हातून एकेक फोड खात गेली. ज्या बोलण्याला आम्ही नावं ठेवली, त्याच बोलण्याने त्या पोरीने त्याला खुर्चीत बसवलं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं. सूप गार झालं ते झालंच.

दुसऱ्या दिवशी तो आला. दाराशी थांबून टोपी काढली, घसा खाकरला. मग शाळेत उभं केल्यासारखा एकेक शब्द मोजत म्हणाला, “मी वितालियो. मी आलोय. मी अंजिरं आणलीत.”

आता टिंगलीची पाळी दोनाताची होती. तिने नुसती खुर्ची पुढे ओढून दिली.

फिलोमेनाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“उशीर केलास,” ती म्हणाली.